जुन्या दुचाकीची बॅटरी उभ्या उभ्या का उतरते? विजेची गळती शोधण्याची पद्धत

जहाजावरची नोकरी आटोपून चतुर्थीला घरी परतलेल्या गोमंतकीयाने शेडमधली दुचाकी बाहेर काढावी, चावी फिरवावी आणि न्यूट्रलचा हिरवा दिवासुद्धा लागू नये, हा अनुभव गोव्यात नवा नाही. मोसम संपल्यावर पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाड्यांचीही हीच कथा असते. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर पोट असणाऱ्या पायलटाच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक निकडीचा होतो. आदल्या रात्री व्यवस्थित लावलेली गाडी पहाटे ‘सेल्फ’ला दाद देत नाही आणि पहिल्या बसची गिऱ्हाइके हातची जातात. अशा वेळी बहुतेक जण जो उपाय करतात तो ठरलेला आहे: नवी बॅटरी बसवणे. काही आठवडे बरे जातात आणि मग नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेने जाते.

याचे कारण असे की, अनेकदा दोष बॅटरीत नसतोच. चावी बंद असतानाही कुठल्या तरी वाटेने वीज थोडीथोडी वाहत असते आणि बॅटरी केवळ त्या गळतीची बळी ठरते. ही वाट शोधण्यासाठी फार मोठे ज्ञान किंवा महागडी साधने लागत नाहीत. काही शे रुपयांचा मल्टिमीटर, एक पाना, तासाभराची सवड आणि क्रम न मोडण्याची शिस्त एवढे पुरते. उलट अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत जाण्याचा मार्ग सर्वांत खर्चिक असतो.

गळती आणि नैसर्गिक ऱ्हास

दुचाकीतील सर्वसाधारण बॅटरी शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांवर चालते. १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केलेल्या विद्युतघटाचेच हे आजचे रूप आहे. तिच्यात सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा पूर्ण भारित असताना सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणूनच ‘१२ व्होल्ट’ म्हणवली जाणारी निरोगी बॅटरी प्रत्यक्षात १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. काही तास निवांत ठेवलेल्या बॅटरीने १२.४ व्होल्ट दाखवल्यास ती अंदाजे तीन चतुर्थांश भरलेली आहे, १२.२ व्होल्टला निम्मी आणि १२ व्होल्टला जेमतेम पाव भरलेली आहे, असे समजावे. म्हणजे मीटरवर ‘१२’ दिसले की बॅटरी ठीक, हा समज चुकीचा आहे.

कोणतीही बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. हा तिचा स्वभावधर्म असून उष्ण हवेत त्याचा वेग वाढतो. मात्र हा ऱ्हास आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने होतो, रातोरात होत नाही. एका रात्रीत किंवा चार दिवसांत बॅटरी उतरत असेल, तर एक तर ती आतून निकामी झालेली असते किंवा तिच्यातून वीज बाहेर गळत असते.

गळती किती घातक आहे, हे साध्या भागाकाराने कळते. बॅटरीची क्षमता अँपियर-तासात लिहिलेली असते. ७ अँपियर-तासांच्या बॅटरीतून २० मिलिअँपियर प्रवाह सतत गळत राहिला, तर ती ३५० तासांत, म्हणजे सुमारे साडेचौदा दिवसांत रिकामी होईल. गळती ५० मिलिअँपियर असेल तर सहा दिवस पुरतील, १०० मिलिअँपियर असेल तर तीनच. सेल्फ फिरवण्याची ताकद तर बॅटरी निम्मी उतरली तरी कमी पडू लागते. त्यामुळे प्रत्यक्षातील मुदत यापेक्षाही कमी असते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि नंतर कितीही चार्ज केले तरी ती मूळ क्षमतेला पोहोचत नाही. गळती न शोधता नवी बॅटरी बसवणे म्हणजे तिलाही याच मार्गावर ढकलणे होय.

आधी दोन शंका दूर कराव्यात

गळतीच्या मागे लागण्यापूर्वी गळती खरोखरच आहे का, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. कारण तीच लक्षणे दाखवणारे आणखी दोन दोष असतात.

पहिली शंका बॅटरीवरच घ्यावी. बॅटरी गाडीतून काढून तिच्या क्षमतेला साजेशा चार्जरवर पूर्ण भरावी, काही तास निवांत ठेवावी आणि व्होल्ट मोजून लिहून ठेवावेत. मग कशालाही न जोडता एक-दोन दिवस तशीच ठेवून पुन्हा मोजावे. सुटी ठेवलेली बॅटरीही १२.६ वरून १२.२ किंवा त्याखाली घसरत असेल, तर दोष तिच्यातच आहे. सुटी असताना टिकते पण गाडीत बसवली की उतरते, अशी स्थिती असेल तर गळतीचा संशय पक्का होतो.

दुसरी शंका चार्जिंगवर घ्यावी. इंजिन चालू करून, गती बऱ्यापैकी वाढवून बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजावेत. साधारणपणे १३.५ ते १४.८ च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. तो १३ च्या खालीच राहत असेल, तर बॅटरी गळत नसून तिला पुरेशी वीज मिळत नाही. मॅग्नेट कॉइल, रेक्टिफायर-रेग्युलेटर किंवा सैल-गंजलेले जोड, यांपैकी काही तरी बिघडलेले आहे. आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर निकामी होऊन बॅटरी अतिचार्ज होत आहे. तिचे पाणी वारंवार आटण्याचे कारणही तेच असते.

किकवर सुरू होणाऱ्या अनेक जुन्या १०० सीसी गाड्यांत एक फसगत होते. त्यांच्या ठिणगीची वीज थेट मॅग्नेट कॉइलमधून येते आणि हेडलाइटही बॅटरीवर अवलंबून नसतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली तरी गाडी पहिल्या किकला सुरू होते. केवळ हॉर्न घोगरा होतो आणि इंडिकेटर मंदावतात. मालकाला वाटते, गाडी ठणठणीत आहे. गळती मात्र महिनोन्महिने चालू असते.

प्रवाह कसा मोजावा

व्होल्ट मोजताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना आडवा लावतात. प्रवाह मोजताना मात्र तो वाटेतच बसवावा लागतो, म्हणजे बॅटरीतून निघणारी सगळी वीज मीटरमधून जायला हवी. हा फरक लक्षात न घेतल्यास मीटर जळतो.

प्रथम चावी बंद करून काढून घ्यावी. बॅटरीचे ऋण टोक, म्हणजे ज्याची तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते ते, पान्याने सोडवावे. धन टोकाला आधी हात लावू नये, कारण पाना सांगाड्याला टेकला तर जोरदार ठिणगी उडते. फार जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही मोटरसायकलींत धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तेथे हा क्रम उलटा समजावा. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी हायड्रोजन वायू सोडते, म्हणून जवळ विडी-सिगारेट किंवा ज्योत नसावी.

आता मीटर अँपियरच्या सर्वांत मोठ्या, साधारणतः १० अँपियरच्या टप्प्यावर ठेवावा आणि लाल तार त्यासाठीच्या स्वतंत्र भोकात घालावी. एक टोक सुटलेल्या ऋण तारेला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण खुंटीला टेकवावे. साध्या मीटरवर या टप्प्यात ०.०१ अँपियर, म्हणजे १० मिलिअँपियर, हा सर्वांत लहान आकडा दिसतो. आकडा ०.१ अँपियरपेक्षा कमी असेल, तर जोड सोडवून मीटर मिलिअँपियरच्या टप्प्यावर आणावा आणि पुन्हा जोडावा. गाडीत चोरीविरोधी अलार्म असेल, तर जोडल्याबरोबर प्रवाह काही क्षण वाढलेला दिसतो. तो स्थिरावण्याची एक-दोन मिनिटे वाट पाहावी.

मीटर वाटेत असताना चावी फिरवणे, हॉर्न दाबणे आणि विशेषतः सेल्फ दाबणे कटाक्षाने टाळावे. सेल्फची मोटर कित्येक दहा अँपियर प्रवाह खेचते. त्याने मीटरचा फ्यूज उडतो आणि फ्यूज नसलेला मीटर थेट जळतो. मोजणी संपल्यावर लाल तार आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घालावी. अँपियरच्या भोकात तार ठेवून बॅटरीचे व्होल्ट मोजायला जाणे म्हणजे बॅटरीची दोन टोके एकमेकांना चिकटवण्यासारखेच आहे.

ऋण टोकाशी तार टेकवून ठिणगी पडते का ते पाहणे किंवा मध्ये एक बल्ब लावणे, या गॅरेजमधील जुन्या युक्त्या मोठी गळती ओळखायला पुरतात. मात्र इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब पूर्ण पेटायला सुमारे ०.८ अँपियर लागतो. ३० मिलिअँपियरच्या गळतीने त्याची तार लालही होणार नाही. बल्ब पेटला नाही म्हणजे गळती नाही, असे म्हणता येत नाही. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरील अँपियरमीटरचेही तसेच आहे. बॅटरीत वीज जाते की बॅटरीतून निघते, हे त्याचा काटा दाखवतो, पण एवढ्या सूक्ष्म प्रवाहाने तो जागचा हलत नाही.

आकडा काय सांगतो

कार्ब्युरेटर असलेल्या, घड्याळ किंवा संगणकीय यंत्रणा नसलेल्या जुन्या गाडीत चावी बंद असताना प्रवाह जवळपास शून्य हवा. रेक्टिफायरमधून होणारी नगण्य गळती धरली तरी तो एक मिलिअँपियरच्या आतच असतो. डिजिटल मीटर, घड्याळ किंवा इंधन-अंतःक्षेपण असलेल्या गाडीत काही मिलिअँपियर स्वाभाविक मानता येतात. जुन्या साध्या गाडीत १० मिलिअँपियर दिसले, तरी शोध घेणे इष्ट. २०, ५० किंवा १०० दिसले तर शोध अपरिहार्य.

चावी बंद असताना काय जागे असते?

या शोधातील सर्वांत उपयुक्त विचार हाच आहे. दुचाकीत दहा-बारा विजेची उपकरणे असतात, पण चावी बंद केली की त्यांपैकी बहुतेकांचा बॅटरीशी संबंध तुटतो. बॅटरीच्या धन टोकातून निघालेली तार मुख्य फ्यूजमधून इग्निशन स्विचपर्यंत येते आणि तेथेच थांबते. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, न्यूट्रलचा दिवा हे सगळे त्या स्विचच्या पलीकडे असतात. म्हणून चावी बंद असतानाच्या गळतीचा दोष त्यांच्यावर ठेवून हॉर्न किंवा फ्लॅशर बदलणे बहुधा व्यर्थ ठरते.

स्विचच्या अलीकडे, म्हणजे रात्रंदिवस बॅटरीशी जोडलेल्या मोजक्याच गोष्टी असतात: रेक्टिफायर-रेग्युलेटर, सेल्फचा रिले, खुद्द इग्निशन स्विच, त्यांना जोडणाऱ्या तारा आणि दुकानदाराने नंतर थेट बॅटरीवर जोडून दिलेले जे काही असेल ते. संशयितांची यादी इतकी लहान आहे. त्यातून दोषी कोण हे ठरवण्याचे काम मीटर करतो.

एकेक दुवा सोडवत जाणे

मीटर वाटेत ठेवून, आकड्यावर नजर ठेवत एकेक जोड सोडवावा. ज्या क्षणी आकडा कोसळतो, त्या क्षणी सोडवलेल्या फांदीवर दोष असतो. नियम एकच, एका वेळी एकच जोड.

सुरुवात नंतर बसवलेल्या वस्तूंपासून करावी. त्या सोडवायला सोप्या असतात आणि दोषी ठरण्याची शक्यताही त्यांचीच अधिक असते. त्यानंतर मुख्य फ्यूज काढावा. जुन्या लहान गाड्यांत तो बहुधा एकच असतो. फ्यूज काढताच आकडा शून्यावर आला, तर गळती फ्यूजच्या पलीकडे आहे. आकडा तसाच राहिला, तर दोष फ्यूजच्या अलीकडे, म्हणजे सेल्फचा रिले, त्याची जाड तार किंवा बॅटरीच्या खुंटीला थेट जोडलेली एखादी तार यांत आहे. फ्यूज परत बसवून मग रेक्टिफायर-रेग्युलेटरचे सॉकेट काढावे, आकडा पाहावा, सॉकेट परत लावावे आणि शेवटी इग्निशन स्विचच्या सॉकेटकडे वळावे. कोणतेही सॉकेट सुटे असताना इंजिन सुरू करू नये.

उदाहरणादाखल, मीटर ५८ मिलिअँपियर दाखवत आहे असे समजू. हँडलवरच्या मोबाइल चार्जरची तार सोडवली आणि आकडा ४६ वर आला. येथे ‘दोषी सापडला’ म्हणून थांबणारा फसतो, कारण मोठी गळती अजून तशीच आहे. रेक्टिफायरचे सॉकेट काढले, आकडा ४६ च. ते परत लावून इग्निशन स्विचचे सॉकेट काढले आणि आकडा एकदम ०.३ वर उतरला. म्हणजे गाडीत दोन गळत्या होत्या, एक १२ मिलिअँपियरची आणि दुसरी जवळपास ४६ ची. जुन्या गाडीत असे वरचेवर घडते. म्हणून आकडा एक मिलिअँपियरच्या आत येईपर्यंत शोध संपला असे मानू नये.

नेहमीचे संशयित

इग्निशन स्विच. गोव्यासारख्या प्रदेशात याचा क्रमांक वरचा आहे. जून ते सप्टेंबरचा पाऊस, किनाऱ्याची खारी हवा, फेरीबोटीच्या उतारावर उडणारे मचूळ पाणी आणि वॉशिंग सेंटरवर जोराने मारलेला फवारा या सर्वांचा मारा हँडलमधल्या या लहानशा डबीवर होतो. आतल्या पितळी संपर्कांवर हिरवट क्षार साचतात आणि ते ओलसर झाले की वीज वाहून नेतात. दोन संपर्कांमधील अशा थराचा रोध ६०० ओम असला, तर १२ व्होल्टला २० मिलिअँपियर प्रवाह सहज वाहतो. किकवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत हा स्विच बंद होताना इंजिन थांबवणारी तार अर्थला जोडतो. म्हणजे बॅटरीची जिवंत तार आणि अर्थ एकाच डबीत अगदी शेजारी असतात आणि गळतीला वाट शोधायला दूर जावे लागत नाही. सॉकेट काढून, चावी बंद ठेवून, स्विचच्या बॅटरीकडील तारेचा इतर तारांशी रोध मोजावा. मीटरने अनंत रोध दाखवायला हवा. काहीही आकडा दिसला तर स्विच दोषी. संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने धुऊन पूर्ण वाळवल्यावर तो कधी कधी सुधारतो. संपर्क झिजलेले असल्यास मात्र स्विच बदलणेच श्रेयस्कर.

रेक्टिफायर-रेग्युलेटर. मॅग्नेट कॉइलमधून येणारी वीज एकाच दिशेने, म्हणजे बॅटरीकडे जाऊ देणे हे याचे काम. त्यातील अर्धवाहक घटक उष्णतेने दुबळे झाले की ते उलट दिशेनेही थोडी वीज जाऊ देतात. मग इंजिन बंद असताना बॅटरीतील वीज कॉइलमार्गे अर्थला जाते. सॉकेट काढताच आकडा कोसळणे हाच याचा पुरावा. हा भाग दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. बदलताना त्याच गाडीसाठीचा घ्यावा, कारण दिसायला सारख्या सॉकेटमध्येही तारांचा क्रम वेगळा असू शकतो.

नंतर जोडलेली साधने. मोबाइल चार्जर, अलार्म, जीपीएस ट्रॅकर, एलईडी दिव्यांच्या माळा ही साधने अनेकदा सोय म्हणून थेट बॅटरीवर जोडली जातात. मोबाइल लावलेला नसला तरी चार्जरमधला सूचक दिवा आणि त्यामागचे परिपथ जागेच असते. उपाय सोपा आहे. अशा साधनाची जोडणी इग्निशन स्विचच्या पलीकडून, स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावी. चावी बंद झाली की तेही बंद होते. ट्रॅकर आणि अलार्म यांना मात्र सतत वीज लागतेच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर त्यांची किंमत बॅटरी मोजते, हे ध्यानात असावे.

वायरिंग. हँडल वळताना सांगाड्याच्या मानेपाशी तारांचा जुडगा घासत राहतो. टाकीखाली आणि सीटखालीही तो पत्र्याच्या कडांवर टेकतो. वर्षानुवर्षे कडक झालेले आवरण तेथे फाटते. उभ्या गाडीत उंदीरही ते कुरतडतात. मीटर वाटेत ठेवून हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवावे आणि जुडगा हाताने हलवून पाहावा. आकडा उड्या मारू लागला, तर दोष तेथेच आहे. उघडी तार सांगाड्याला पूर्ण टेकली तर फ्यूज उडतो. ओल आणि मळ यांच्यामधून टेकली तर गळती होते. आजची गळती उद्याचा शॉर्ट ठरू शकते. गाडीला आग लागण्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर दोष हाच होय.

सेल्फचा रिले. याच्या प्लास्टिकच्या घराला तडा जाऊन आत पाणी गेल्यास जाड तारेच्या खुंट्यांमधून वीज झिरपते. फ्यूज काढूनही आकडा न उतरल्यास प्रथम येथे पाहावे.

बॅटरीचा माथा. ही गळती बॅटरी सोडण्यापूर्वीच होते आणि ऋण तारेत बसवलेल्या मीटरला ती दिसत नाही. बॅटरीवर साचलेली धूळ आम्लाच्या वाफेने ओली झाली की दोन खुंट्यांमध्ये विजेची पातळ वाट तयार होते. मीटर व्होल्टवर ठेवून काळी तार ऋण खुंटीला आणि लाल तार बॅटरीच्या माथ्यावरील प्लास्टिकला टेकवावी. काही व्होल्ट दिसले तर माथा पुसण्याची वेळ झाली आहे. खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात भिजवून पिळलेल्या फडक्याने तो पुसावा. द्रावण कप्प्यांत जाऊ देऊ नये. हातमोजे आणि चश्मा वापरावा.

गळतीसारखे भासणारे दोष

काही वेळा चावी बंद असताना मीटर शून्य दाखवतो, तरी बॅटरी उतरते. अशा वेळी दोष चालत्या गाडीत शोधावा. मागच्या ब्रेकचा स्विच अडकून दिवा सतत जळत राहणे हे त्याचे नेहमीचे कारण. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपियर घेतो. लहान गाडीच्या चार्जिंगला हा भार पेलत नाही आणि रोजच्या फेऱ्यांत बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते. मालकाला आपल्या पाठीमागचा दिवा दिसत नसल्याने हा दोष दीर्घकाळ लपून राहतो.

काही गाड्यांच्या इग्निशन स्विचला पार्किंग दिव्याची स्वतंत्र खूण असते. चावी चुकून तेथपर्यंत फिरवून काढली, तर पुढचा लहान आणि मागचा असे दोन दिवे रात्रभर जळतात. दोन्ही मिळून १० वॅट धरले, तर ७ अँपियर-तासांची बॅटरी नऊ तासांच्या आत संपते. कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या जुन्या बुलेटमध्ये इंजिन बंद पडूनही चावी चालूच राहिली आणि पॉइंट नेमके मिटलेले असले, तर इग्निशन कॉइलमधून तीन-चार अँपियर वाहत राहतात. त्यात बॅटरी तर जातेच, कॉइलही तापून निकामी होऊ शकते.

कधी दिसणारी, कधी लपणारी गळती

गॅरेजमध्ये नेल्यावर आकडा ठीक आणि घरी आणल्यावर पुन्हा बॅटरी मृत, हा प्रकार पावसाळ्यात विशेष घडतो. ओलीमुळे होणारी गळती दिवसभराच्या उन्हात नाहीशी होते. म्हणून मोजणी ज्या परिस्थितीत बॅटरी उतरते त्याच परिस्थितीत करावी, म्हणजे पावसात फिरून आल्यावर किंवा पहाटेच्या दमट हवेत. त्यानेही न दिसल्यास झाडांवर फवारायच्या बाटलीतून थोडे पाणी स्विचभोवती, मग सॉकेटांवर, मग रिलेवर असे क्रमाने शिंपडून आकडा पाहावा. उलट, रेक्टिफायरची गळती कधी कधी तो गरम असतानाच वाढते. तिच्यासाठी गाडी वीस मिनिटे चालवून आल्यावर लगेच मोजणे योग्य.

दोष दूर झाल्यानंतर

दुरुस्ती झाल्यावर तोच मीटर त्याच जागी लावून पुन्हा आकडा पाहावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या वेळी तुलनेसाठी तो उपयोगी पडतो. उघड्या तारांना नुसती टेप न गुंडाळता जोड डाग देऊन आवरणनळीने झाकावा, कारण दमट हवेत टेपचा गोंद सुटतो. खुंट्या घासून, घट्ट करून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. फ्यूज गाडीसाठी ठरवून दिलेल्याच क्षमतेचा बसवावा. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार लावणे म्हणजे वायरिंगलाच फ्यूज बनवणे होय.

उतरलेली बॅटरी लगेच भंगारात काढू नये. तिला कमी प्रवाहाने, साधारणतः क्षमतेच्या एक दशांशाने (७ अँपियर-तासांच्या बॅटरीला ०.७ अँपियर) पूर्ण चार्ज करून पूर्वी सांगितलेली सुटी ठेवण्याची चाचणी द्यावी. तिच्यात टिकली, तर ती अजून कामाची आहे. नापास झालीच, तर दुकानात परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. तिच्यातील शिसे आणि आम्ल विहिरीच्या पाण्यात उतरले, तर पिढ्यान्‌पिढ्या त्रास देऊ शकते.

महिन्याहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण भरून तिचे ऋण टोक सोडवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. घरच्यांनी महिन्यातून एकदा तिला चार्जरवर लावले, तर चतुर्थीला येणाऱ्याची गाडी पहिल्या हाकेला ओ देते. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे इंजिन चालू करण्याच्या प्रथेने मात्र फारसे साधत नाही. सेल्फने खर्च केलेली वीजसुद्धा तेवढ्या वेळात भरून निघत नाही.

जुन्या गाड्यांत आज्ञा देणारे संगणक नाहीत, त्यामुळे दोष सांगणारा सूचक दिवाही नाही. पण त्यांची वायरिंग एका कागदावर मावेल इतकी सरळ आहे आणि हीच त्यांची सोय. बॅटरी विकत घेण्याआधी मीटरवरचा एक आकडा पाहिला, तर बहुतेक वेळा खिशातील पैसे वाचतात. ज्याची रोजची कमाई त्या गाडीवर अवलंबून आहे, त्याची सकाळही वाचते.